सरसों का साग कडू का होतो? मोहरीची पालेभाजी शिजवायची आणि टिकवायची कशी?

थंडी पडायला लागली की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरायला लागतं. मातीच्या भांड्यात रटरटणारा हिरवागार साग, त्यात फिरणारी लाकडी घोटणी, वर लोण्याचा गोळा आणि शेजारी मक्याची रोटी.

ते पाहून अनेक जण बाजारातून मोहरीच्या पानांची जुडी घेऊन येतात. घरात मात्र रीलसारखं काही होत नाही. साग कडू लागतो, पहिल्याच घासाला झणका थेट नाकात जातो. फ्रीजमध्ये ठेवलेली उरलेली अर्धी जुडी दोन-तीन दिवसांत पिवळी पडते आणि कचऱ्यात जाते. त्यानंतर ती भाजी त्या घरात पुन्हा येत नाही.

दुसरीकडे पंजाब, नेपाळ, चीन, जपान, कोरिया अशा आशियाच्या मोठ्या पट्ट्यात हीच पानं शेकडो वर्षांपासून रोजच्या जेवणात आहेत. हिमालयातल्या अनेक घरांत ताज्या भाज्यांचा तुटवडा असतो तेव्हा याच पानांची टिकवलेली भाजी ताटात येते.

मग आपलं चुकतं कुठे? या पानांची चव आणि त्यांचं टिकणं, दोन्ही एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. ती म्हणजे पानातली पेशी कधी फुटते आणि तिला उष्णता कधी लागते. हे नेमकं काय आहे, समजून घेऊया.

मोहरीची पालेभाजी म्हणजे नेमकी कोणती?

आपल्या फोडणीत तडतडणारी तपकिरी मोहरी ज्या वनस्पतीची, त्याच वनस्पतीची ही पानं. तिचं शास्त्रीय नाव ब्रासिका जुन्सिया. कोबी, फ्लॉवर, मुळा, सलगम हे तिचे नातेवाईक.

ही वनस्पती मुळात दोन जातींच्या संकरातून तयार झाली आहे. एक सलगमची जात आणि दुसरी काळ्या मोहरीची जात. सलगमच्या जातीत गुणसूत्रांचा संच १० चा असतो, काळ्या मोहरीत ८ चा. दोन्ही संच एकत्र येऊन ब्रासिका जुन्सियाचा १८ चा संच झाला. नागाहारू यू या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये हे नातं मांडलं. वनस्पतिशास्त्रात ते आजही 'यूचा त्रिकोण' या नावाने शिकवलं जातं.

प्रदेश बदलला की या भाजीचं नाव बदलतं. पंजाब आणि उत्तर भारतात ती सरसों, आसाममध्ये लाई शाक, मणिपूरमध्ये हंगाम, नेपाळमध्ये रायो साग. चीनमध्ये मँडरिन भाषेत जिए-त्साय आणि कँटोनीजमध्ये गाय-चॉय. जपानमध्ये तिचे ताकाना आणि काराशिना असे प्रकार आहेत, तर कोरियात तिला गात म्हणतात.

दिसायलाही ती सगळीकडे सारखी नसते. काही प्रकारांची पानं रुंद आणि गुळगुळीत, काहींची कुरळी, तर काहींची जांभळट लाल. चीनमधल्या काही प्रकारांत देठ इतके जाड आणि मांसल असतात की पानापेक्षा देठच जास्त खाल्ला जातो.

पंजाबमध्ये सागासाठी 'गोभी सरसों' हा नात्यातला, पण वेगळ्या जातीचा प्रकारही वापरतात. शहरांमधल्या दुकानांत मिळणारी बॉक चॉय आणि चायनीज कॅबेज या मात्र सलगमच्या जातीच्या भाज्या आहेत. त्या बऱ्याच सौम्य असतात. म्हणून बॉक चॉयची रेसिपी पाहून मोहरीची पानं तशीच दोन मिनिटं परतली, तर चव वेगळी लागणारच.

झणका येतो कुठून?

मोहरीचं अखंड पान नाकाशी धरून बघा. फारसा वास येत नाही. तेच पान बोटांनी चुरडलं की लगेच झणका येतो. याचा अर्थ झणका पानात तयार स्वरूपात नसतो. पान फुटल्यावर तो तयार होतो.

पानात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. एका ठिकाणी ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं असतात. सिनिग्रिन हे त्यांतलंच एक. दुसऱ्या ठिकाणी मायरोसिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजेच विकर असतं. अळीने पान कुरतडलं, सुरीने कापलं किंवा आपण चावलं की पेशी फुटतात आणि या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. त्यातून अलिल आयसोथायोसायनेटसारखी झोंबणारी संयुगं तयार होतात. पान खायला आलेल्या किड्याला पळवून लावण्याची ही वनस्पतीची सोय आहे.

वसाबीत हेच संयुग असतं. बाजारात 'वसाबी' म्हणून मिळणाऱ्या अनेक पेस्टमध्ये तर खऱ्या वसाबीऐवजी हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग असतो.

मिरचीचा तिखटपणा जिभेवर रेंगाळतो आणि मोहरीचा नाकात जातो, असं का? मिरचीतलं कॅप्सेसिन सहजासहजी हवेत उडत नाही. मोहरीतलं संयुग मात्र पटकन उडतं आणि घशाच्या मागून नाकात पोहोचतं. शरीरात दोघांची जाणीव करून देणारे ग्राहकही मुख्यत्वे वेगळे आहेत. मिरचीसाठी टीआरपीव्ही१ आणि मोहरीसाठी टीआरपीए१.

मराठी स्वयंपाकघराला ही गोष्ट नवीन नाही. लोणच्यासाठी किंवा कोशिंबिरीसाठी मोहरी फेसतात, म्हणजे थोडं पाणी घालून ती नाकात झणका जाईपर्यंत घोटतात. तिथे दाणा फोडून, पाणी देऊन एन्झाइमला कामाला लावलेलं असतं. तीच मोहरी कडकडीत तेलात फोडणीला टाकली तर अजिबात झोंबत नाही. कारण एन्झाइमला काम करायची संधी मिळण्याआधीच उष्णतेने ते निकामी होतं.

पानांचंही नेमकं असंच आहे. स्वयंपाकासाठी यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे.

पहिली, एन्झाइम उष्णतेने निकामी होतं. दुसरी, तयार झालेला झणका वाफेबरोबर उडून जातो. तिसरी, न फुटलेली ग्लुकोसिनोलेट चवीला कडवट असतात, पण ती पाण्यात उतरतात.

कडूपणा आणि झणका कमी कसा करायचा?

इथे सुरी आधी की उष्णता आधी, याने फरक पडतो.

सौम्य चव हवी असेल तर पानं अखंड किंवा मोठे तुकडे करून उकळत्या पाण्यात टाकायची. एक-दोन मिनिटांनी बाहेर काढून निथळायची आणि मग चिरायची. एन्झाइम आधीच निकामी झाल्यामुळे झणका तयार होत नाही आणि कडवटपणा बऱ्यापैकी पाण्यात उतरतो. कँटोनीज स्वयंपाकात गाय-चॉय अनेकदा असंच आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग आलं घालून मोठ्या आचेवर परततात. तैवानच्या अनेक भागांत चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री दीर्घायुष्याचं प्रतीक म्हणून मोहरीची लांब पानं न कापता शिजवली जातात.

झणका हवा असेल तर उलट करायचं. कोवळी पानं बारीक चिरून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची आणि कच्चीच कोशिंबिरीत घालायची. जपानमध्ये काराशिनाची पानं गरम पाण्याने किंचित मऊ करतात, मिठाने चोळतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करतात. पेशी फुटतात, पण एन्झाइम पूर्ण मरत नाही आणि झाकणामुळे झणकाही बाहेर जात नाही.

पंजाबची पद्धत या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. तिथे पानं चिरून मंद आचेवर तासन् तास शिजवतात. चिरताना झणका तयार होतो खरा, पण शिजताना तो वाफेबरोबर निघून जातो. म्हणून साग उघड्या भांड्यात शिजवण्याला महत्त्व आहे. कुकरमध्ये काम लवकर होतं, पण वाफ आतच कोंडते. कुकर वापरलाच तर नंतर झाकण काढून साग मंद आचेवर आटवणं गरजेचं आहे.

सागात फक्त मोहरी नसते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यात बथुआ आणि पालक घालतात, काही घरांत मेथीही. बथुआ म्हणजे आपला चाकवत. या भाज्यांमुळे मोहरीचा उग्रपणा कमी होतो आणि साग मऊसर होतो. कितीही शिजवली तरी नुसत्या मोहरीच्या पानांना हॉटेलच्या सागाची चव येत नाही, याचं एक कारण हेच आहे.

शेवटी सागाला मक्याचं पीठ लावतात. पंजाबीत त्याला आलण म्हणतात. मराठीतही पालेभाजीला लावायच्या पिठाला आळण असाच शब्द आहे. आपण चाकवताच्या पातळ भाजीला बेसन लावतो, त्यामागेही हाच उद्देश असतो. भाजीचं पाणी वेगळं राहत नाही आणि भाजी मिळून येते. तूप, लोणी यांनीही उग्र चव बोथट होते.

घरी साग करायचा तर प्रमाण काय?

चार जणांसाठी साधारण अर्धा किलो मोहरीची पानं, पाव किलो पालक आणि एक लहान जुडी चाकवत पुरेसा होतो. जुडी निवडताना कोवळी पानं बघा. फुलावर आलेल्या जुडीची पानं जून, चिवट आणि जास्त उग्र असतात. जाड देठांची साल सोलून आतला कोवळा भाग घेता येतो. तंतुमय बुंधे टाकून द्या.

पानांवर माती भरपूर असते. त्यामुळे मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं त्यात बुडवा, हलवा आणि वर उचलून घ्या. पातेलं पालथं करून ओतलं तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा असं करा.

चिरलेल्या भाज्या, आलं, लसूण, चार-पाच हिरव्या मिरच्या, मीठ आणि दोन वाट्या पाणी एकत्र करून उकळी आणा. मग झाकण न ठेवता मंद आचेवर तासभर तरी शिजू द्या. पाणी आटलं तर गरम पाणी घाला. भाजी मऊ झाली की रवीने किंवा घोटणीने घोटा. मिक्सर वापरायचा तर अगदी थोडा फिरवा, नाहीतर सागाची पेस्ट होते. दोन चमचे मक्याचं पीठ थोड्या पाण्यात कालवून लावा आणि आणखी पंधरा-वीस मिनिटं शिजवा.

तुपात लसूण, आलं आणि कांद्याची फोडणी वाढताना द्यायची. दुसऱ्या दिवसासाठी साग ठेवायचा असेल तर तो फोडणीशिवाय ठेवा आणि लागेल तेवढ्यालाच ताजी फोडणी द्या. अनेक पंजाबी घरांत असंच करतात.

रंग हिरवागार राहावा म्हणून काही जण चिमूटभर सोडा घालतात. रंग राहतो, पण क जीवनसत्त्व जास्त नष्ट होतं आणि पानांचा लगदा होतो. बराच वेळ शिजलेला साग थोडा काळपट हिरवा दिसणारच. त्यात बिघडलेलं काही नसतं.

जुडी फ्रीजमध्ये किती दिवस राहते?

तोडलेलं पानसुद्धा जिवंत असतं. ते श्वसन करतं, साठवलेली साखर वापरतं आणि त्यातलं पाणी उडत राहतं. थंडीत हा वेग मंदावतो. शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर आर्द्रतेत ही पानं दीड-दोन आठवडे टिकू शकतात, पण अशी सोय शीतगृहात असते. घरच्या फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवस धरून चला.

या काळात एकच गोष्ट साधायची आहे. ती म्हणजे पेशी शाबूत ठेवणं.

जुडीची दोरी किंवा रबर लगेच काढा. दाबली गेलेली पानं तिथूनच सडायला लागतात. पिवळी, काळी आणि चिघळलेली पानं वेगळी करा. एका खराब पानाने शेजारची पानंही खराब होतात.

शक्यतो न धुता ठेवा. पानांवर पाणी राहिलं की जिवाणू वाढतात आणि पानं बुळबुळीत होतात. धुवायचीच असतील तर पूर्ण निथळून, कापडावर पसरून कोरडी करा.

कोरड्या सुती कापडात किंवा टिश्यू पेपरमध्ये सैलसर गुंडाळून पिशवीत ठेवा. पिशवीचं तोंड थोडं उघडं असू द्या. कापड जास्तीचं पाणी शोषून घेतं आणि पिशवीमुळे पानं सुकत नाहीत. कापड ओलं झालं की बदला.

सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो यांच्यापासून लांब ठेवा. या फळांमधून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने हिरवी पानं लवकर पिवळी पडतात.

आणि आधीच चिरून डब्यात भरून ठेवू नका. चिरलेल्या पानाच्या पेशी फुटलेल्या असतात. ते लवकर खराब होतं आणि डबा उघडला की उग्र वास येतो. सकाळच्या घाईसाठी आदल्या रात्री चिरून ठेवणं ठीक आहे, चार दिवस आधी नाही.

पानं किंचित मलूल झाली असतील तर थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर तरतरीत होतात. बुळबुळीत झालेली किंवा कुजका वास येणारी पानं मात्र टाकूनच द्या.

महिनोन् महिने ठेवायची असतील तर?

फ्रीझरमध्ये कच्ची पानं थेट कोंबू नका. गोठताना पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. एन्झाइम थंडीत मंदावतं, पण मरत नाही. परिणामी काही आठवड्यांत रंग आणि चव दोन्ही बिघडतात.

त्यासाठी आधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून एन्झाइम निकामी करावं लागतं. भरपूर पाणी उकळा, पानं थोडी थोडी टाका, दोन मिनिटांनी काढून लगेच बर्फाच्या पाण्यात घाला. गार झाल्यावर निथळा, हाताने हलकं पिळा आणि एका वेळेला लागतील एवढ्या छोट्या पाकिटांत हवा काढून भरा. पाकिटावर तारीख लिहा. उणे १८ अंशांवर ही पानं आठ ते बारा महिने चांगली राहतात.

ती नंतर कच्ची खाण्याजोगी कुरकुरीत राहत नाहीत. साग, डाळ, सूप, पराठे यांसाठी मात्र उत्तम. वापरताना पाकीट बाहेर वितळवत ठेवायची गरज नाही. थेट भांड्यात टाकता येतं. तुमच्याकडे वीज वारंवार आणि बराच वेळ जात असेल, तर मोठा साठा करू नका. एकदा पूर्ण वितळलेली आणि कोमट झालेली पानं पुन्हा गोठवणं योग्य नाही.

फ्रीज नव्हते तेव्हा लोक काय करायचे?

इथे उलटा मार्ग निवडला गेला. पेशी शाबूत ठेवण्याऐवजी त्या मुद्दाम फोडायच्या आणि पुढचं काम चांगल्या जिवाणूंवर सोपवायचं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगचं गुंद्रुक. थंडीच्या तोंडावर रायो सागाचं पीक एकदम येतं. एवढी भाजी एकाच वेळी खाऊन संपत नाही. मग पानं एक-दोन दिवस सुकवून मलूल करतात, कुटतात किंवा चुरगाळतात आणि मडक्यात किंवा बरणीत हवा राहणार नाही अशी ठासून भरतात. मीठ घालत नाहीत. कुटल्यामुळे बाहेर आलेल्या रसातली साखर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू खातात आणि भाजी आंबट होते. आठवडा-दोन आठवड्यांनी ती बाहेर काढून काही दिवस कडक उन्हात वाळवतात.

अशा रीतीने गुंद्रुकला दुहेरी संरक्षण मिळतं. आंबटपणा असतो आणि ओलावा नसतो. बिघडवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही गोष्टी अडचणीच्या. वाळलेलं गुंद्रुक कित्येक महिने टिकतं. डोंगरात ताजी भाजी मिळेनाशी झाली की त्याचं आंबट सूप, म्हणजे झोल करतात, किंवा भाजलेल्या सोयाबीनबरोबर कालवून खातात. बाजार लांब आणि रस्ते अवघड असलेल्या गावांत ही चैनीची वस्तू नसते. तेच त्या दिवसांतलं कालवण असतं.

आपल्याकडेही हरभऱ्याचा पाला, मेथी वाळवून ठेवण्याची पद्धत आहे. फरक इतकाच की आपण थेट वाळवतो, तर नेपाळमध्ये आधी आंबवतात.

पूर्व आणि आग्नेय आशियात मिठाचा मार्ग जास्त दिसतो. मीठ पानातलं पाणी बाहेर ओढतं, नको असलेल्या जिवाणूंना रोखतं आणि आंबवणाऱ्या जिवाणूंना जागा करून देतं. चीनमधलं स्वान-त्साय असंच तयार होतं. ते घालून केलेली आंबट-तिखट मासळी सिचुआनची खासियत आहे. शाओशिंगचं मेइ-गान-त्साय खारवून, आंबवून, वाळवलेलं असतं आणि चरबीदार मांसाबरोबर शिजवलं जातं. छोंगछिंगमधल्या फुलिंगचं जा-त्साय याच वनस्पतीच्या फुगलेल्या खोडापासून बनतं. जपानच्या क्युशू बेटावर ताकानाचं लोणचं रामेनवर घालतात. दक्षिण कोरियात योसूजवळच्या डोलसानची गात-किमची प्रसिद्ध आहे. थायलंडला जाऊन खाओ सोई खाल्लं असेल, तर त्याच्याबरोबर येणारी आंबट भाजीसुद्धा मोहरीच्या पानांचीच.

घरी आंबवताना काय सांभाळायचं?

सुरुवातीला मिठाची पद्धत सोपी आहे. एक किलो निवडलेल्या, धुऊन थोड्या सुकवलेल्या पानांना साधारण २५ ग्रॅम मीठ चोळा. अंदाजाने घालू नका, वजन करा. रस सुटला की स्वच्छ काचेच्या बरणीत दाबून भरा. पानं कायम रसाखाली राहिली पाहिजेत, त्यासाठी वर वजन ठेवा. आत वायू तयार होतो, म्हणून झाकण पहिल्या दिवसांत अगदी घट्ट लावू नका.

आपल्याकडच्या उष्ण हवेत आंबण्याचा वेग जास्त असतो. घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा आणि रोज लक्ष ठेवा. पालेभाज्यांमध्ये नायट्रेट असतं. आंबताना सुरुवातीच्या दिवसांत त्याचं नायट्राइट होऊन त्याचं प्रमाण वाढतं आणि नंतर उतरतं. म्हणून अर्धवट आंबलेलं खाण्याची घाई करू नका. दोन-तीन आठवड्यांनी, चांगला आंबट वास आणि चव आल्यावर बरणी फ्रीजमध्ये ठेवा. लोकरीसारखी बुरशी, कुजका वास किंवा तार सुटणारा चिकटपणा दिसला तर वरचा थर काढून खाली चांगलं असेल असं समजू नका. सगळं टाकून द्या.

शिजवलेला साग तेलाचा थर देऊन हवाबंद बरणीत बाहेर ठेवण्याचा प्रयोग मात्र अजिबात करू नका. साग लोणच्यासारखा आंबट नसतो. हवा नसलेल्या, आम्ल कमी असलेल्या अन्नात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू विष तयार करू शकतो. ते जीवघेणं असतं आणि वासावरून ओळखू येईलच असं नाही.

शिजवलेल्या सागासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम पुरेसा आहे. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. मोठं पातेलं भरून केलेला दाट साग मधोमध तासन् तास कोमट राहतो. तो पसरट, लहान डब्यांत विभागून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवसांत संपवा. दर वेळी लागेल तेवढाच काढून उकळी येईपर्यंत गरम करा.

आरोग्यासाठी चांगली, पण कोणी जपून खावी?

पालकापेक्षा या भाजीची एक बाजू भक्कम आहे. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते अडवून ठेवतं. मोहरीच्या पानांत ऑक्झॅलेट कमी असतं. शोषणाच्या चाचण्यांमध्ये चिनी मोहरीच्या पानांतलं सुमारे ४० टक्के कॅल्शियम शरीरात शोषलं गेल्याचं आढळलं. पालकाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होतं, तर दुधाच्या बाबतीत सुमारे ३२ टक्के.

शिजवण्याची किंमतही मोजावी लागते. अमेरिकी कृषी विभागाच्या पोषण तक्त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या पानांत साधारण ७० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. उकडलेल्या पानांत ते २५ मिलिग्रॅमच्या आसपास उरतं. म्हणून सागाबरोबर लिंबू, मुळा किंवा कच्ची कोशिंबीर असणं फायद्याचं.

क जीवनसत्त्व शिजवताना कमी होतं, पण के जीवनसत्त्व तसं कमी होत नाही. या पानांत ते भरपूर असतं आणि रक्त गोठण्याच्या प्रक्रियेत त्याची गरज असते. वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांसाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या अनेकांना अशी औषधं दिली जातात. एरवी पालेभाजी न खाणाऱ्या अशा रुग्णाने थंडीत आठवडाभर रोज वाटीभर साग खाल्ला, तर औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. याचा अर्थ भाजी बंद करायची असा नाही. आठवड्याचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं आणि बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. औषधाचा डोस स्वतःहून बदलायचा नाही.

थायरॉइडचा त्रास असणारेही या भाजीला घाबरतात. कोबीच्या कुळातल्या भाज्यांमधली काही संयुगं आयोडीनच्या वापरात अडथळा आणू शकतात. पण आहारात आयोडीन पुरेसं असेल आणि भाजी शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ली जात असेल, तर बहुतेकांना काळजीचं कारण नसतं.

आंबवलेल्या, खारवलेल्या प्रकारांत मीठ खूप असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी ते चटणीसारखं थोडं घ्यावं किंवा वापरण्याआधी पाण्यात भिजवून मीठ कमी करून घ्यावं.

तर पुढच्या वेळी जुडी आणलीत की आधी ठरवा. आजच साग करायचा असेल तर चाकवत आणि पालकही घ्या आणि भांड्यावर झाकण ठेवू नका. दोन-तीन दिवसांनी करायचा असेल तर पानं न चिरता, कोरडी, कापडात गुंडाळून ठेवा. आणि चार दिवसांत हात लागणार नाही असं वाटत असेल, तर त्याच संध्याकाळी पाणी उकळायला ठेवा. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात आणि तिथून फ्रीझरमध्ये. एवढं केलंत तर उरलेल्या जुडीचा साग होळीनंतरही करता येईल.